बाराची घंटा

सामना सकाळी दहाला सुरू व्हायचा होता आणि ऊन तापायला लागलं तरी पाहुण्यांचा पत्ता नव्हता.

"पाहुणे आले की लगेच शिट्टी," भालेराव सरांनी पुन्हा सांगितलं. हे ते सकाळपासून सांगत होते. आमची कॅप्टन फिलोमिना साळवे वैतागून मैदानातच फतकल मारून बसली.

"सर, पाहुणे येईस्तोवर आम्ही दहावी पास होऊन जाऊ."

"तू पास? आधी गणिताचा पेपर तर दे," सर म्हणाले आणि सगळ्या खिदळल्या.

मला हसू आलं नाही. माझं लक्ष कंपाउंडच्या भिंतीकडे होतं. तिथे निलगिरीच्या सावलीत माझे वडील, आण्णा, उकिडवे बसले होते. धुतलेला सदरा, डोक्यावर पांढरी टोपी, आणि एवढ्या बायाबापड्यांत आपण काय करतोय असा चेहरा. त्यांच्या शेजारी, कुणी न बोलावता आलेले माझे चुलते, तात्या. तात्यांनी हाताची घडी घातली होती आणि ते चर्चवरच्या क्रुसाकडे असे बघत होते, जणू तो आत्ता खाली उतरून त्यांच्या गळ्यात पडणार आहे.

खरं म्हणजे दोघेही खो-खो बघायला आलेच नव्हते. आमच्या हेडमास्तरीणबाई, सिस्टर कॉन्सेप्टा, यांनी आण्णांना निरोप धाडला होता. दहावीनंतर यमुनाला नगरला आमच्या कॉलेजात पाठवा, होस्टेलचं मी बघते, एकदा येऊन भेटून जा. आण्णा सहा वर्षांत शाळेची पायरी चढले नव्हते. खडकमाळच्या खाणीवर ते सुरुंग लावायचे, आणि रजा हा शब्दच त्यांना ठाऊक नव्हता. आण्णा नसले की खाणीवर त्या दिवशी नुसती खडी फोडत बसायचं, म्हणून मुकादमही सोडायला नाखूश असे. पण त्या दिवशी त्यांनी रजा काढली. सामना झाला की सिस्टरांच्या ऑफिसात जायचं आणि हो की नाही ते सांगायचं.

काय सांगणार ते कुणालाच माहीत नव्हतं. आदल्या दिवशी मी विचारलं तेव्हा ते "बघू" म्हणाले. आण्णांच्या "बघू"चा अर्थ आईलासुद्धा लग्न झाल्यापासून लागलेला नव्हता.

तात्यांचा अर्थ मात्र साफ होता. त्यांनी आपल्या मेव्हण्याच्या मुलाचं स्थळ माझ्यासाठी मनात धरून ठेवलं होतं. पोरगा खडीच्या ट्रकवर क्लीनर. आण्णा नाही म्हणाले की मे महिन्यात माझ्या डोक्यावर अक्षता पडणार, हे मला उन्हाइतकं स्पष्ट दिसत होतं.

"सहा वर्षं मिशनच्या शाळेत पोरगी," तात्या येता-जाता म्हणायचे. "आता नगरला सिस्टरांच्यात राहिली तर घरी यायची ती बाटूनच. मंग बसा टाळ कुटत."

त्यांनी हे म्हणावं असं एकदा मी वागलेही होते. सहावीत असताना राखेच्या बुधवारी आमच्या वर्गातल्या कॅथलिक मुली चर्चमधून कपाळावर राखेचा क्रूस काढून आल्या. मला तो इतका आवडला, की फिलोमिनाच्या कपाळाला कपाळ घासून मीही लावून घेतला आणि तसाच मिरवत घरी आले. आईने पदराने पुसला आणि पोट धरून हसली. तात्यांनी मात्र आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. तेव्हा आण्णांनी मला समोर बसवून एवढंच सांगितलं, "शीक. कायबी शीक. पर आपलं सोडून त्यांचं धरलंस तर त्या दिवशी दप्तर घरी." मी मान डोलावली होती आणि पुढे तसं काही केलंही नव्हतं.

त्या दिवशी सामन्यानंतर आम्हा दहावीच्या मुलींचा निरोप समारंभही होता आणि वर्गातर्फे बोलायला सिस्टरांनी मला निवडलं होतं. विषय ठरलेला, शाळेने मला काय दिलं. दरवर्षी जी बोलायची ती शिस्त, सेवा आणि संस्कार म्हणायची आणि रडायची. मीही तेच पाठ केलं होतं. पाहुण्यांची वाट बघता बघता मी ते मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि मला ते कुणा दुसरीचंच वाटायला लागलं. शाळेने मला दिलं होतं ते वेगळंच होतं. बोर्डिंगच्या मुलींच्या बरणीतलं आंबट लोणचं दिलं होतं. पेटी वाजवायला दिली होती, संडास घासायला दिले होते, आणि ते घासताना कोण कुठल्या जातीची हे विचारायचं नसतं हेही दिलं होतं. मातमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, गुंफेपुढे परीक्षेच्या दिवशी चपलांची रास पडायची. तिच्यात कॅथलिक मुलींच्या कमी आणि आमच्याच जास्त असायच्या. पाया पडून मग आम्ही देवीला नवस केल्यासारखं बोलायचो, आणि सिस्टर खिडकीतून बघून न बघितल्यासारखं करायच्या. हे काही भाषणात सांगता येत नाही.

आणि शाळेने दिली होती बाराची घंटा.

दुपारी बाराला आमच्या चर्चची घंटा व्हायची आणि शाळेत जे जिथे असेल ते तिथेच थांबायचं. गणिताच्या बाईंचा खडू फळ्यावर अर्ध्या आकड्यात थांबायचा. एकदा तर सरांनी फिलोमिनाला मारायला उगारलेली छडी वरच्या वर थांबली, आणि प्रार्थना होईपर्यंत त्यांचा राग उतरला. कॅथलिक मुली देवदूताची प्रार्थना म्हणायच्या. आम्ही बाकीच्यांनी हात पुढे बांधून नुसतं गप्प उभं राहायचं. पाचवीच्या पहिल्याच दिवशी सिस्टरांनी आम्हाला सांगितलं होतं, "तुम्हाला ही प्रार्थना म्हणायची नाही. तुमच्या देवाचं नाव घ्या, नाही घेतलंत तरी माझं काही म्हणणं नाही. पण तेवढा वेळ कुणाचं तरी भलं चिंता."

एवढंच. आमच्यातल्या बऱ्याच जणी तेव्हा डब्यात काय असेल याचं भलं चिंतायच्या.

पाहुणे शेवटी आले, हार घालून घेतले आणि भाषणही करून मोकळे झाले. आता सामना बारा ओलांडणार हे सरांच्या ध्यानात आलं. ते धावत फादर लिगोरींकडे गेले. आजच्या दिवस घंटा थोडी पुढे ढकलता येईल का?

"भालेराव," फादर म्हणाले, "चार वाड्या त्या घंटेवर भाकरी सोडतात. मी ढकलली तर लोक मला ढकलतील."

मग सर सिस्टरांकडे गेले. सिस्टरांनी विचार केला आणि आम्हाला बोलावून सांगितलं, "सामना चालू असताना घंटा झाली तर थांबू नका. प्रामाणिकपणे खेळणं हीसुद्धा प्रार्थनाच आहे."

"देव समजून घेईल," फिलोमिना माझ्या कानात म्हणाली. "पंच नाही घ्यायचा. कळलं का यमे? तू तर मुळीच थांबू नकोस, तुझा-त्याचा काय संबंध?"

"मी कशाला थांबू?" मी म्हणाले, आणि खरंच मला तसंच वाटत होतं.

समोर बेलपिंपरीच्या हायस्कूलच्या मुली होत्या. ढाल तीन वर्षं त्यांच्याकडे होती आणि बरोबरी झाली तरी ढाल त्यांच्याकडेच राहणार, असा नियम. आम्ही पहिला डाव एका गुणाने मागे होतो, मग सावरलो, मग पुन्हा मागे पडलो. शेवटचा पाठलाग आमचा होता. आमच्या आठ जणी पट्ट्यावर बसलेल्या, एक धावणारी. त्यांच्या दोघी मैदानात उरलेल्या. त्यातली एक फिलोमिनाने खांबाजवळ सूर मारून टिपली. तिचा गुडघा सोलवटून निघाला आणि सगळी शाळा ओरडायला लागली. बरोबरी! आता एकच गडी. तो मारला की ढाल आमची, नाही मारला की त्यांची.

ती उरलेली मुलगी काटकुळी होती, पण पायात भिंगरी. आमच्यातल्या तिघींना तिने हुलकावण्या देऊन पार घामाघूम केलं. मग पाठीत थाप बसली, "खो!" आणि मी उठले.

मी चांगली धावायचे. उगाच कशाला लाजू? शाळेत माझ्यासारखी धावणारी दुसरी नव्हती. मी तिला पहिल्या दोन चौकोनांतच गाठत आणलं. ती खांबाकडे निघाली. तिला वाटलं मी खांबाला वळेन. मी वळले नाही. तिचा तोल किंचित गेला. मला तिच्या सदऱ्यावरची शिवण दिसत होती, हात लांब केला की लागणार इतकी ती जवळ होती, आणि भिंतीपाशी आण्णा उठून उभे राहिलेले मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले.

घंटा झाली.

तीन ठोके, थांबा. तीन ठोके, थांबा. मी उभी होते. कधी थांबले ते मला कळलं नाही. हात पुढे बांधलेले, मान खाली. ती काटकुळी मुलगी आधी दचकली, मग दोन पावलं मागे सरली, मग हळूच माझ्या मागून पलीकडच्या बाजूला निघून गेली.

"यमे! अगं यमे! पळ की!"

"खो दे! निदान खो तरी दे!"

खो-खोत धावणारीने खो दिल्याशिवाय बसलेलीला उठता येत नाही. आमच्या आठही जणी पट्ट्यावर बसल्या बसल्या हात आपटत होत्या, किंचाळत होत्या, आणि उठू शकत नव्हत्या. भालेराव सर रेषेवर नाचत होते. सगळी कॅथलिक शाळा "पळ, पळ" ओरडत होती आणि खाणीवाल्याची हिंदू पोरगी तेवढी एकटी घंटेला मान खाली घालून उभी होती. मला सगळं ऐकू येत होतं. पण पाय उचलत नव्हते. घंटा संपली तरी उचलत नव्हते.

मग पंचांची लांब शिट्टी झाली.

बेलपिंपरीच्या मुलींनी त्या काटकुळीला खांद्यावर घेतलं. फिलोमिना लंगडत माझ्यापाशी आली. तिचे डोळे भरले होते.

"आम्ही रोज प्रार्थना म्हणणाऱ्या, आम्ही पळायला तयार," ती म्हणाली. "आणि तू? तुला काय झालं होतं गं?"

ती तशीच वळून निघून गेली. नंतर समारंभात माझं भाषणही तिनेच वाचलं, शिस्त, सेवा आणि संस्कार, आणि म्हणे कुणी रडलं नाही. आज आम्ही जिवाभावाच्या आहोत, पण लग्नाकार्यात भेटलो की ती अजून चारचौघांत माझा हात धरते आणि विचारते, "बारा वाजले का गं? मग जेवायला बसू की थांबू?"

तात्या मात्र खूश. तेवढ्या गर्दीतून ते छाती काढून माझ्याकडे आले आणि मागून आण्णा, जमिनीकडे बघत.

"बघितलंस दादा? ह्या डोळ्यांनी बघितलंस ना?" तात्या म्हणाले. "मी सांगत हुतो तवा तुला खोटं वाटत हुतं."

आण्णांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "दप्तर कुठं हाय तुझं?" त्यांनी विचारलं.

मी वर्गाकडे बोट दाखवलं. तेवढ्यात सिस्टर व्हरांड्यात आल्या आणि म्हणाल्या, "अलकुंटे, जाताय कुठे? आपलं बोलणं व्हायचंय. आत या."

ऑफिसात आण्णा खुर्चीच्या टोकावर टेकले. तात्या उभेच राहिले. त्यांना भिंतीवरच्या मारियामातेकडे पाठ करायची होती आणि सिस्टरांकडे तोंड करायचं होतं, आणि ते एकाच वेळी जमत नव्हतं. मी दाराशी घाम पुसत उभी.

"सिष्टर," तात्यांनी सुरुवात केली, "आम्ही अडाणी मानसं. पर डोळे हायेत आम्हाला. घंटा वाजली आन् आमची पोरगी जाग्यावर थिजली. तुमच्या पोरी पळ म्हणून बोंबलत हुत्या, आन् आमचीच तेवढी हात बांधून हुबी! आता तुम्हीच सांगा, कोण बाटलंय?"

"तिला या शाळेत प्रार्थनेचा एक शब्द कुणी म्हणायला लावलेला नाही," सिस्टर म्हणाल्या. सिस्टरांची एक खोड होती. त्यांना अर्धं खरं सांगून सुटता येत नसे. "पण अलकुंटे, तुमच्यापासून लपवत नाही. मलाही हे कोडंच आहे. सहा वर्षं बघतेय. प्रार्थना संपते, सगळ्या मुली बसतात, ही उभीच असते. कधी थोडा वेळ, कधी बराच वेळ. सगळ्यांत शेवटी बसते. मी तर आमच्या मुलींना सांगत आले, यमुनाकडून शिका, मन लावून प्रार्थना कशी करायची ते."

"घ्या!" तात्यांनी मांडीवर थाप मारली. "ह्या सोताच सांगत्यात की!"

आता झालं. मी मनातल्या मनात ट्रकच्या क्लीनरला हार घातला.

आण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा नुसता उतरला होता.

"यमे," ते म्हणाले, "तुला त्यांचा देव पायजे असंल तर तसं सांग. मी मारनार न्हाई तुला. पर खोटं बोलू नको. काय म्हणत हुतीस तिथं?"

"काही नाही, आण्णा."

"आगं समद्या गावानं बघितलं."

"म्हणत नव्हते काही. ऐकत होते."

"काय ऐकत हुतीस?"

तोपर्यंत मलाही ते शब्दांत कधी सापडलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. आता तोंडातून निघालं तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला.

"आवाज. आज आवाज आलाच नाही."

"कसला आवाज?" तात्या म्हणाले. "अख्खं मैदान बोंबलत हुतं!"

"शिवा, गप बस," आण्णा म्हणाले.

त्यांना कळलं होतं. त्यांचा गुडघ्यावरचा हात तसाच राहिला आणि ते माझ्याकडे बघत राहिले. सिस्टर एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागल्या.

"कवापासनं?" आण्णांनी विचारलं.

"पाचवीपासून. भीमामामा गेला तेव्हापासून."

"रोज?"

"रोज."

"आन् आज? आज तर मी हितंच हुतो की गं. भिंतीपाशी. बघितलं न्हाईस मला?"

"बघितलं होतं. आवाज कसा येणार, हेही माहीत होतं." मला रडू फुटायला लागलं. "डोक्याला माहीत होतं, आण्णा. पायांना कळलंच नाही. आवाज आल्याशिवाय ते हलतच नाहीत."

सिस्टर उठून माझ्याजवळ आल्या. "मला कुणी सांगेल का, काय चाललंय?"

आण्णा त्यांच्याशी बोलले, पण बघत माझ्याकडेच होते. "मी खाणीवर सुरुंग लावतो, सिष्टर. तुमच्या घंटेवर. घंटा झाली की समदी मानसं भाकरीला लांब जात्यात. कुणी मागं ऱ्हायलं न्हाई ते बघायचं आन् मंग वात पेटवायची. तुमची परार्थना संपता संपता उडत आसंल बघा."

"हो," सिस्टर म्हणाल्या. "खिडक्या वाजतात."

"उडाला तर त्याचं भ्या न्हाई. न उडालेल्याचं भ्या. वात मधीच इझली का आत धुमसतीया, कळत न्हाई. हिचा मामा, भीमा, माझ्याच हाताखाली हुता. उडाला न्हाई म्हणून बघाया गेला. मी जेवायला बसलो हुतो." आण्णांनी गुडघ्यावरची टोपी सरळ केली. "तवापासनं न उडालेला बघाया मीच जातो. दुसऱ्याला धाडत न्हाई."

बाहेर बेलपिंपरीच्या मुली ढाल घेऊन घोषणा देत ट्रॅक्टरमध्ये चढत होत्या.

त्या सहा वर्षांत बाराच्या घंटेला मी कुठल्याच देवाचं नाव घेतलं नव्हतं. नाव घ्यायला मन जागेवर लागतं. घंटा झाली की मी खाणीवर जायचे. आण्णांनी वात पेटवली असेल, आता ते चढण चढत असतील, आता दगडाआड बसले असतील. शेजारी फिलोमिना भराभरा प्रार्थना म्हणत असायची आणि मी नुसती ऐकत असायचे. मग टेकडीमागून धडाडधूम व्हायचं, खिडक्या थरथरायच्या आणि माझा जीव भांड्यात पडायचा. मग मी बसायचे. कधी आवाज उशिरा यायचा. वर्ग बसायचा, पुस्तकं उघडायची, बाई खडू पुन्हा उचलायच्या, आणि मी बाकाला धरून उभीच. "यमुना, बस," बाई म्हणायच्या. मी तरी बसत नसे. म्हणून सिस्टरांना मी मोठी भाविक वाटले आणि तात्यांना बाटलेली. दोघांचं काही चुकलं नाही. बाहेरून बघणाऱ्याला दुसरं काय दिसणार?

"मी मेली," सिस्टर हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं नुसती काचांची काळजी करत बसले."

आण्णांनी मला जवळ बोलावलं. मी गेले. त्यांचे हात दगडाच्या कामाने खरखरीत झालेले, त्यांनी माझं मनगट धरलं.

"आन् सुट्टीच्या दिशी?" त्यांनी विचारलं. "घरी आसतीस तवा?"

"तेव्हा अंगणात उभी राहते. आईसुद्धा असते."

"तुझी आय?"

"ती तर रोजच असते. भाकरी थापत असली तर तवा खाली उतरवते आणि दारात येते. आवाज झाला की परत आत जाते. तुम्हाला सांगायचं नाही म्हणते. कामावर चित्त राहणार नाही म्हणते."

आण्णांनी मनगट सोडलं. त्यांनी टोपीने तोंड पुसलं, मग टोपीकडेच बघत बसले. मी माझ्या वडिलांना तसं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. तात्या एव्हाना मारियामातेकडे पाठ करायची विसरले होते.

"मला वाटायचं, घरी समदी सुखानं जेवत आसतील," आण्णा म्हणाले.

मी बाहीने डोळे पुसले.

मग त्यांनी सिस्टरांकडे बघितलं. "सिष्टर, ते तुमचं नगरचं कॉलेज. लई लांब हाय का?"

"तसं लांबच," सिस्टर घाईने म्हणाल्या. त्यांना वाटलं, आता नकार येणार. "पण एस्टी आहेत ना दिवसभर. आणि दर महिन्याला मुलींना घरी पाठवतो आम्ही. दिवाळीला, नाताळला..."

"तसं न्हवं. तिथवर खाणीचा आवाज पोचंल का?"

"खाणीचा? नाही हो. एवढ्या लांब कुठला पोचायला?"

आण्णांनी टोपी डोक्यावर घातली आणि ते उभे राहिले.

"मंग घेऊन जावा हिला," ते म्हणाले.

"दादा, आरं पर..." तात्या पुढे झाले. "निदान घरी इचारून..."

"काय इचारायचं, शिवा? दारात हुबी ऱ्हायला हिची आय हाय. ही नको."

सिस्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. सकाळपासून, खरं तर वर्षभरापासून, मला आण्णांच्या तोंडून तेवढा एक होकार ऐकायचा होता. तो आता मिळाला होता, आणि मी सिस्टरांच्या टेबलाला धरून लहान पोरीसारखी मोठमोठ्याने रडत होते. मला नगरला जायचं नव्हतं. आण्णांना सोडून मला कुठेच जायचं नव्हतं.

जूनमध्ये त्यांनीच मला एस्टीत बसवून दिलं.